माल आहे, पाटी नाही!

(बी. कॉम., अंतिम वर्ष)

दुकानात माल कितीही चांगला असला, तरी तो आहे हे गिऱ्हाइकाला कळल्याखेरीज खपत नाही, हे आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. हे तत्त्व साबणाला लागू पडते, साडीला लागू पडते. मग ग्रंथालयाला का पडू नये?

हा प्रश्न पडायला एक निमित्त घडले. आमच्या गल्लीत मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर राहतात. दर अमावास्येला ग्रहण का होत नाही, असे नातवाने त्यांना विचारले. मास्तरांना उत्तर ठाऊक होते. पण नातवाला ते छापील दाखवावे म्हणून मराठी विश्वकोशाच्या त्या खंडासाठी ते भर उन्हात दोनदा वाचनालयात जाऊन आले. खंड काही मिळाला नाही. मी माझ्या मोबाइलवर विश्वकोशातली ‘ग्रहण’ ही नोंद उघडून दिली. चष्मा पुसत त्यांनी ती सावकाश वाचली आणि म्हणाले, “हे इतके दिवस होतं, आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही होय?”

मला उत्तर देता आले नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड 1976 साली निघाला, तो विश्वकोश आज इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. आय. आय. टी. खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय 2018 साली देशाला अर्पण झाले. आपल्या कर्नाटकाच्या ग्रंथालय खात्यानेही 2020 साली डिजिटल ग्रंथालय सुरू केले. कोठार भरलेले आहे. वाट मात्र कुणी दाखवत नाही.

मास्तरांचे राहू द्या, माझीच गोष्ट सांगते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून कॉलेजच्या विद्यार्थ्याला घरबसल्या ई-पुस्तके आणि नियतकालिके वाचता येतात, हे मला दुसरे वर्ष संपताना कळले. नोटीस लागली होती. पण इंग्रजीत, दोन ओळींची आणि परीक्षेच्या वेळापत्रकाखाली अर्धी झाकलेली. ‘रिमोट ॲक्सेस’ हे शब्द वाचून मराठी माध्यमातून आलेल्या मला वाटले, हे कॉम्प्युटरच्या मुलांसाठी असेल! दोष नोटिशीचा तसा माझाही. विचारायची लाज वाटली. पण जिथे विद्यार्थिनीला लाज वाटते, तिथे भाजीवाल्या मावशींनी काय करावे?

कुणी म्हणेल, लोक मोबाइलवर करमणूकच पाहतात, त्यांना ग्रंथालय कशाला? हे मला पटत नाही. करमणुकीची जाहिरात दिवसरात्र चालते, ज्ञानाची कधी केली आहे आपण? शिवाय 1965 च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकरही वसूल होतो. म्हणजे पैसे लोकांनीच भरले आहेत. ज्याने पैसे मोजले, त्याला माल दाखवायला नको काय?

मात्र जाहिरात खरी हवी. एन-लिस्टचा पासवर्ड सभासदांपुरता आहे. तो गावभर वाटायचा नाही. जे सर्वांसाठी खुले आहे, तेच सर्वांना सांगायचे. आणि सांगायचे ते मराठीत व कन्नडात, अगदी साध्या शब्दांत. ‘ई-संसाधने उपलब्ध’ अशा पाटीने कुणी थांबणार नाही. ‘शब्दाचा अर्थ हवाय? नातवाच्या प्रश्नाला उत्तर हवंय? आत या, दाखवतो’ असे लिहिले तर पाय थबकेल.

माझी सूचना साधी आहे. दर शनिवारी तासभर आपल्यापैकी चौघांनी गावातल्या वाचनालयाच्या दारात बाक टाकून बसावे. दोघे मराठी बोलणारे, दोघे कन्नड. येणाऱ्याला आधी विचारावे, “तुम्हाला काय हवं आहे?” मग त्याच्याच मोबाइलवर तेवढी एकच गोष्ट उघडून द्यावी आणि ती पुन्हा त्याच्या हाताने उघडवून घ्यावी. भाषण नको, हारतुरे नकोत. किती पत्रके वाटली याचा हिशेब ठेवू नये. पुढच्या शनिवारी किती जण परत आले, तो ठेवावा. तीच खरी विक्री.

यामुळे कपाटातली पुस्तके धूळ खातील, अशी भीती काही प्राध्यापक व्यक्त करतात. मास्तरांचा अनुभव उलटा आहे. ती नोंद वाचल्यावर ते नातवाला घेऊन वाचनालयात गेले आणि आकाशदर्शनावरचे पुस्तक घेऊन आले.

प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे डॉ. रंगनाथन यांनी 1931 सालीच आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवले. तेव्हा ग्रंथ कपाटात होते, आज ते खिशातही आहेत. वाचकाला शोधण्याचे काम मात्र अजून माणसालाच करावे लागते. मित्रहो, पहिल्या शनिवारी मी बसते. उरलेले तिघे कोण?