कागदावरचे जन्म आणि जिवंत माणसे

कळवण तालुक्यातील पाड्यांवर आज चाळिशी-पन्नाशीत असलेली कितीतरी माणसे घरीच जन्मली. सुईणीने नाळ कापली, पण जन्माची नोंद कोणी केली नाही. वकिली करताना अशी माणसे रोज भेटतात. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर वेगळीच, शिधापत्रिकेवर नाव तिसरेच. चूक लिहिणाऱ्याची, हेलपाटे मात्र यांचे. मजुरी बुडवून एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायचे आणि ‘उद्या या’ ऐकून परतायचे.

आता दुसरे चित्र पाहा. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात शेंदुरसनी ही ग्रामपंचायत आहे. लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास. २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत नागरी नोंदणी प्रणालीत या ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून अधिक जन्म नोंदले गेल्याचे उघडकीस आले. शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. गुन्हेगार कोण, ते न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न साधा आहे. गावाच्या लोकसंख्येच्या सुमारे अठरा पट जन्म नोंदले जात असताना यंत्रणा झोपली होती. मग आदिवासी बाईच्या नावात एक वेलांटी चुकली की तीच यंत्रणा खडबडून जागी कशी होते?

हा प्रश्न एका दाखल्यापुरता नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, शासकीय नोकरी, पासपोर्ट, आधार या सर्वांना जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे. म्हणजे पायाच पोखरला, तर वरचे सारे मजले पोकळ!

आपल्याच जिल्ह्यातील मालेगावात उशिरा नोंदलेल्या जन्मांच्या दाखल्यांवरून वाद पेटला. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने असे दाखले देणे थांबवले, मार्चमध्ये नियम कडक केले. बोगस दाखल्यांवर कारवाई झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु दार बंद झाले ते घरी जन्मलेल्या खऱ्या माणसासाठीही. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचे पुरावे शोधत फिरलेल्या समाजाला कागद नसण्याची किंमत कोणी शिकवायला नको.

आधारची कथा वेगळी नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातून आधार क्रमांकांचे वाटप सुरू झाले. एका माणसाला एकच क्रमांक, हे वचन होते. पण २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत पावणेपाच लाखांहून अधिक क्रमांक दुबार म्हणून रद्द करावे लागले, असे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक सांगतात.

आणि कायदा कोणाच्या बाजूने? आधार कायद्याच्या कलम ४७ मध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन काही गुन्ह्यांबाबत सामान्य माणसाला तक्रारीची मुभा मिळाली. मात्र केंद्रीय माहितीसाठ्यात घुसखोरी किंवा तेथील माहितीची मोडतोड, या कलम ३८ व ३९ खालील गुन्ह्यांची दखल न्यायालय प्राधिकरणाच्या तक्रारीवरच घेते. घर फुटले आमचे, फिर्याद द्यायची ती चौकीदाराने!

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. नोंदीतील चूक विनाशुल्क दुरुस्त करण्याची जबाबदारी कचेरीची असावी. आपली नोंद कोणी उघडली, कोणी बदलली, हे ज्याची नोंद त्याला कळावे. नोंद दुरुस्त होईपर्यंत धान्य, शिष्यवृत्ती, पेन्शन थांबू नये. संविधानाचे अनुच्छेद १४ आणि २१ माणसासाठी आहेत, त्याच्या अंगठ्यासाठी नव्हेत.

कार्यकर्त्यांनी वस्ती-पाड्यावर एवढे एक सांगावे : तोंडी नकार घेऊन माघारी फिरू नका. नकार लेखी मागा, कारणासह मागा. तो कागद हातात आला, की लढाई तिथूनच सुरू होते.