चाक केवढे असावे ?



स्मरणिकेत बाजारभाव, साठवण, उधारी-वसुली या विषयांवर अधिकारवाणीने लिहिणारे सभासद आपल्या संस्थेत पुष्कळ आहेत. त्यांच्या पंक्तीत मोटारीच्या चाकांची चर्चा घेऊन बसणे कित्येकांस पोरकट वाटेल. तथापि गेल्या काही वर्षांत पांडेसरा, उधना, भेस्तान या बाजूस राहणाऱ्या आपल्या बांधवांच्या दारी डोंगरात, चिखलात चालणाऱ्या उंच मोटारी दिसू लागल्या आहेत. गाडी आली की आठ दिवसांच्या आत तिची मूळ चाके उतरवून त्याहून मोठी बसविण्याची आणि अंगावर नाना अलंकार चढविण्याची चढाओढ सुरू होते. या चढाओढीत मी स्वतः सापडून बाहेर आलो आहे. म्हणून हा विषय निवडला.

आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ खानदेशात. वाडवडिलांनी बैलगाडीतून बाजार केले. त्या काळीही चाकाचा प्रश्न होताच. परंतु तो सुतार सोडवीत असे. जमीन काळी की मुरमाड, बैलजोडी केवढी, माल किती मणांचा, हे विचारल्यावाचून तो आऱ्यांना हात लावीत नसे. काळ्या मातीच्या गावाला चाक उंच हवे, कारण पहिल्या पावसानंतर ते रुतावयाचे. पुढे लोखंडी धावेच्या जागी रबरी टायरची गाडी आली, तेव्हाही शेतकऱ्याने आपली वाट पाहूनच ती घेतली. शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपली उंच दिसावी म्हणून कोणी चाक वाढविल्याचे मी ऐकले नाही.

आता मोटारीच्या टायरवर आकडे असतात, पण ते वाचतो कोण ? आपण पोत्यावरील वजन व शिक्का वाचल्यावाचून माल उतरवून घेत नाही. मग हे आकडेही वाचावयास शिकले पाहिजे. २०२० साली आलेल्या महिंद्र थारच्या साध्या प्रकाराला २४५/७५ आर १६ मापाचे टायर होते. यातील २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ७५ इतकी रबराच्या भिंतीची उंची, सुमारे १८४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा आतील लोखंडी चक्राचा इंचांतील व्यास. भिंत वर आणि खाली अशी दोनदा धरून चक्राचा व्यास त्यात मिळविला की संपूर्ण चाकाची उंची ७७४ मिलिमीटर येते. त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ होते. त्यांची उंची ७८९. दोहोंत अंतर अवघे १५ मिलिमीटर, परंतु खड्ड्याचा धक्का सोसणारी रबराची भिंत १८४ वरून १६६ वर येते.

याहून बोलका दाखला थार रॉक्सचा आहे. २०२४ साली आलेल्या या पाच दारी गाडीच्या काही प्रकारांना १८ इंची २५५/६५ आणि वरच्या प्रकारांना १९ इंची २५५/६० टायर दिले गेले. दोन्हींचा हिशेब मांडून पाहावा. बाहेरील उंची एकच, ७८९ मिलिमीटर. म्हणजे १९ इंची चाकाने गाडी जमिनीपासून रेसभरही उंच होत नाही. चकचकीत धातू तेवढा अधिक दिसतो आणि भिंत १५३ मिलिमीटर उरते. डांबरी रस्त्यावर यात बिघडत नाही. परंतु खडकाळ वाटेला व खड्ड्यांना जाड भिंतच मानवते. थोडक्यात, शोभेसाठी मोठे चक्र आणि कामासाठी जाड रबर, असा हा सौदा आहे. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

आता आमच्या घरची हकीकत. तूर खरेदीसाठी आम्हांस नवापूर तालुक्यातील आतील गावांत जावे लागते. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर शेतावर जाऊन माल पाहणे अगत्याचे झाले आहे. तेव्हा चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्यावी, हा चिरंजीवांचा विचार मला पटला. गाडी आली. पाठोपाठ चिरंजीवांनी २८५/७५ आर १६ मापाचे जाड नक्षीचे, चिखलात चालणारे टायर बसविले. पुढे लोखंडी कठडा आला, बॉनेटवर दिव्यांची रांग आली. मी विरोध केला नाही. खरे सांगावयाचे तर गल्लीतून गाडी निघाली की माना वळत आणि ते मलाही गोड वाटे. हा दोष माझाच, चिरंजीवांचा नव्हे.

पहिला धडा मातोश्रींनी दिला. बळसाण्याला विमलनाथ प्रभूंच्या दर्शनास जावयाचे ठरले. मातोश्रींचे वय ८६. गाडीच्या पायरीपर्यंत त्यांचा पाय पोहोचेना. घरातला पाट आणला, तो डळमळला. मग दुकानातून हमालाने रिकामे खोके आणले. त्या चढल्या, पण प्रत्येक थांब्यावर खोके उतरवावे लागले. व्याऱ्याजवळ त्या म्हणाल्या, “बापू, गाडी आपल्यासाठी घेतली ना ? मग मीच हिच्यात परकी का ?” मजजवळ उत्तर नव्हते. तशात त्या टायरांचा घूंऽऽ असा आवाज साऱ्या वाटेने चालूच होता. नवकार मोठ्याने म्हणावा लागला.

दुसरा धडा सांगताना आजही हात थरथरतो. सायंकाळी गिरण्यांची पाळी सुटण्याच्या वेळी आमच्या गल्लीत सायकली, टेम्पो, भाजीच्या गाड्या आणि मुले यांची एकच गर्दी असते. चिरंजीव गाडी काढीत होते. पुढे एक चार वर्षांचे बालक चेंडू उचलावयास वाकले होते. कठडा आणि दिव्यांची रांग यांमुळे ते दिसलेच नाही. आमच्या हमालाने जिवाच्या आकांताने हाक मारली म्हणून ब्रेक लागला. बालकाच्या व गाडीच्या मध्ये हातभर अंतर होते. केवळ टायर वाढविल्यामुळे असे घडले, असा माझा दावा नाही; त्यामुळे गाडी फार तर तीन सेंटिमीटर उंच झाली होती. परंतु शोभेची प्रत्येक वस्तू त्या बालकाच्या आणि आमच्या नजरेच्या मध्ये उभी होती, हे मात्र खरे. मुनिमहाराज चार हात भूमी निरखून पाऊल टाकतात. आपण गृहस्थांनी समोरची चार हात भूमी दिसणारच नाही अशी व्यवस्था पैसे देऊन करून घ्यावी, याला काय म्हणावे ?

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. मूळ चाक ७७४, नवे ८३४ मिलिमीटर. फरक ६०, परंतु धुरा चाकाच्या मध्यावर असल्याने गाडी उचलली गेली त्याच्या निम्मी, ३० मिलिमीटर. सव्वा इंचदेखील नव्हे. उलट चाक शेकडा पावणेआठ मोठे झाल्याने ते एका फेऱ्यात तितके अधिक अंतर कापते आणि वेगाच्या काट्याला त्याची वार्ता नसते. मूळ काटा अचूक धरला तर तो ८० दाखवील तेव्हा गाडी ८६ च्या वेगाने धावत असते. बंधूंनो, शंभर किलोचे पोते ९३ किलो दाखविणारा काटा आपल्या दुकानात सापडला तर आपण तो क्षणभर ठेवू काय ? १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक वजने आली, २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याखाली आपण आजही काट्यांची तपासणी करून शिक्का घेतो. आणि ज्या काट्यावर घरच्या माणसांचे प्राण अवलंबून, तो आपल्याच हाताने खोटा करतो !

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजने-मापे वापरणे सांगितले आहे; त्याच यादीत राज्याच्या नियमाविरुद्ध वागणेही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम असे की, निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पुढील लोखंडी कठड्यांविरुद्ध केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिले. पादचाऱ्याला त्यांची इजा अधिक होते आणि टक्कर झाल्यास आतील हवेच्या पिशव्या वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो. काचांवरील काळ्या पडद्यांना २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. व्यापारात पै-पैचा नियम पाळणारा मनुष्य रस्त्यावर येताच नियमाला हसतो, हे आपल्या समाजाला शोभत नाही.

याहून नाजूक गोष्ट पावसाळ्याची. या गाड्यांचे शौकीन तरुण नेमके आषाढ-श्रावणात डांगच्या बाजूला, ओढ्यांत आणि हिरव्या उतारांवर गाड्या घालावयास जातात. कारण चिखल तेव्हाच असतो. ज्या चार महिन्यांत भूमीवर जीवोत्पत्ती विपुल असते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवितात, त्याच महिन्यांत आपली मुले गमतीखातर गवत, अंकुर आणि गाळातील जीव चिरडीत जातात. शेतकऱ्याचा ट्रॅक्टरही भूमी नांगरतो, आमचीही गाडी तुरीच्या गावाला जाते. ते प्रयोजनापोटी घडते. प्रयोजनावाचून होणाऱ्या हिंसेला शास्त्रकारांनी अनर्थदंड म्हटले आणि त्यापासून दूर राहण्याचे स्वतंत्र व्रत गृहस्थाला दिले. मागच्या काचेवर तीर्थंकरांचे नाव आणि त्यावर त्याच चिखलाचे शिंतोडे, हे दृश्य मी पाहिले आहे. ते विसरता येत नाही.

तरुण विचारतील, कष्टाने मिळविलेल्या पैशाचा शौकही करू नये काय ? अवश्य करावा. मी गाडी घेण्याच्या विरुद्ध नाही. उमास्वातींनी परिग्रह वस्तूत न सांगता मूर्च्छेत सांगितला आहे; वस्तू आपल्या कामी येते तोवर ठीक, आपण तिच्या कामी येऊ लागलो की घात. कोणी म्हणतील, सुरतेला पुराचे भय, उंच गाडी हवीच. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सुटून शहर बुडाले, तेव्हा लोकांना बाहेर काढावयास नावा लागल्या, हे आपणांस स्मरत असेल. तशा पाण्यापुढे सव्वा इंचाची मातब्बरी ती काय ?

त्यानंतर आम्ही तीन महिने गाडीचा रोजमेळ ठेवला. शंभर किलोमीटरांपैकी पाचही कच्च्या वाटेने झाले नाहीत. बाकी सारे बारडोली, सोनगढ, नवापूर, कोंडाईबारीचा हमरस्ता किंवा शहर. कच्ची वाटही तुरीच्या हंगामात, म्हणजे कोरड्या दिवसांत. मोठे टायर मिळेल त्या भावाला विकले, तोटा अक्कलखाती टाकला. कठडा व दिवे उतरविले आणि मूळ मापाचेच, रस्ता व कच्ची वाट दोहोंना चालणाऱ्या मध्यम नक्षीचे टायर घेतले. मातोश्रींसाठी पायरीही लावून घेतली.

या अनुभवावरून काही सूचना करतो. गाडी घेण्यापूर्वी तीन महिन्यांच्या वाटेचा रोजमेळ मांडावा. निर्मात्याने त्या गाडीच्या कोणत्याही प्रकाराला दिलेल्या मापांतूनच टायर निवडावा. खराब वाट अधिक असेल तर लहान चक्र व जाड भिंतीचा. २०२३ साली आलेल्या मारुती जिम्नीचे चाक १९५/८० आर १५, म्हणजे केवळ ६९३ मिलिमीटर उंच. तरी हलक्या वजनामुळे ती अवघड वाटेने जाते, हे लक्षात घ्यावे. मापापुढील भारांकही पाहावा : १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १११ म्हणजे १०९० किलो. त्याहून कमी भारांकाचा टायर सौंदर्यासाठी घेऊ नये. बाजूवरील चार आकडे निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जुना माल नव्या भावाने घेऊ नये. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की कायद्यानेच तो बाद. सुरतेच्या पावसात त्याआधीच बदलावा. पाचवा टायरही त्याच मापाचा असावा. मात्र तो मागील दारावर टांगलेला असल्यास अवजड टायरचा भार बिजागऱ्यांवर येतो, हे विसरू नये. बैठकींना खरे चामडे आहे की कृत्रिम, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. आणि शेवटी, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला गाडीत चढवून पाहावे, सर्वांत लहान बालकाला गाडीपुढे उभे करून चालकाच्या जागेवरून ते दिसते काय, हे पाहावे. या दोन परीक्षांत उतरेल ती गाडी आपली.

चाक केवढे असावे, याचे उत्तर वाट देते. शेजाऱ्याचे दार देत नाही. इतकेच मला सांगावयाचे होते. कोणाच्या शौकावर बोट ठेवले गेले असल्यास अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र !