कमावते चौघे, झरा एकच

लेण्याद्रीच्या पायथ्याशी हार-नारळाची जी दुकाने आहेत, त्यांतले एक आमचे. भाविकाला गिरिजात्मजाचे दर्शन जवळजवळ तीनशे पायऱ्या चढल्यावर होते. आमचे दर्शन मात्र खालीच होते. तो चपला आमच्याकडे ठेवतो, नारळ आमच्याकडून घेतो आणि उतरताना लिंबूसरबत पितो. वडील दुकान बघत, आई हार ओवी, काका जुन्नरहून भाविकांना जीपने आणत आणि थोरला चुलतभाऊ म्हाताऱ्या माणसांना डोलीत बसवून वर नेई. घरात चार माणसे कमावती, म्हणून गावात आम्हाला कोणी गरीब म्हणत नसे. आजोबा तर नेहमी सांगत, "वर गणपती आहे तोवर खाली चूल आहे. काळजी कसली करता?"

मार्च २०२० मध्ये आमच्या दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा राहिला आणि तो पुढे रद्दच झाला. मला आनंद झाला होता, हे मी प्रांजळपणे कबूल करते. पण त्याच दिवसांत मंदिर बंद झाले. त्यानंतर आठवड्याभरात दुकान, जीप, डोली आणि हार असे चारही धंदे एकदम थांबले. मंदिरे उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० ला. पुढच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. मधल्या काळात आईच्या पाटल्या गहाण पडल्या. जीपचा हप्ता थकला. तेव्हा मला कळले की आमच्या घरात कमावणारे हात चार होते, पण मिळकत एकच होती. चार घागरी एकाच झऱ्यावर लावल्या म्हणून काही चार झरे होत नाहीत!

आम्हाला तारले ते माळ्यावरच्या एका पत्र्याच्या पेटीने. लग्नाआधी वडील नारायणगावात दोन वर्षे मोटारी भरायला शिकले होते. पुढे दुकान चालू लागले, तसे ते काम सुटले. मे महिन्यात शेजारच्या एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळली. पीक उभे, पाणी नाही आणि जुन्नरला जाण्याची सोय नाही. आजी म्हणाली, "अरे, तुला येत होते ना ते? बघ की हात लावून." वडिलांनी पेटी काढली. पहिली मोटार भरायला त्यांना तीन दिवस लागले, कारण हात विसरले होते. दुसरीला दीड दिवस लागला. टाळेबंदी असो वा नसो, पिकाला पाणी लागते आणि विजेचा दाब कमीजास्त झाला की मोटार जळते. देवळाचे दार बंद होण्याशी या कामाचा काडीचाही संबंध नव्हता. नेमके म्हणूनच ते उपयोगी पडले.

माझे म्हणणे एवढेच आहे. दुसरी मिळकत असावी, हे सगळेच सांगतात. पण ती पहिलीबरोबर बुडणारी नसावी, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या उन्हाळ्यात गाई असलेल्यांनाही दुधाच्या पडत्या भावाने रडवले. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी बांधवांना हिरड्याचा मोठा आधार. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडेच आडवी केली. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने नारायणगावच्या बाजारात सोन्याचा भाव खाल्ला आणि सप्टेंबरात त्याच टोमॅटोची तोडणीची मजुरीही निघेना. कोणताही एक आधार कायमचा भक्कम नसतो.

हा विचार काही नवा नाही. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्याचे व्यापारी, कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. श्रेणी म्हणजे त्या काळचे व्यावसायिकांचे संघ. लोक त्यांच्याकडे ठेवीही ठेवीत. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची ठेव ठेवली, पण ती एका जागी नव्हे. २००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने ठेवले आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या वार्षिक २४० कार्षापण व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा मिळायचे आणि मुद्दलाला हात लावायचा नाही. रक्कम का वाटली, हे लेख सांगत नाही. पण कमी व्याज पत्करूनही त्याने दुसरी जागा धरली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मात्र दोन्ही श्रेणी विणकरांच्याच! कापसाचे साल बुडाले असते तर दोन्हीकडे बोंब झाली असती. आमच्या घराची चूक याच जातीची होती.

यावर कोणी म्हणेल, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' आक्षेप खरा आहे. चार दिवसांचे चार वर्ग करून प्रमाणपत्रांची चवड लावणे म्हणजे कौशल्य नव्हे. वडिलांनी दोन वर्षे हात काळे केले होते, म्हणून वीस वर्षांनंतरही ते हात कामी आले. दोनच गोष्टी शिकाव्यात, पण धड शिकाव्यात.

दुसरा आक्षेप माझ्या चुलतभावाचा आहे. तो म्हणतो, "दिवसभर माणसे खांद्यावर वाहून आल्यावर शिकायला बसू कधी आणि फी आणू कुठून?" याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याला आजची भाकर आजच मिळवायची आहे, त्याला उपदेश करणे सोपे असते. म्हणून पायथ्याच्या गावांत संध्याकाळी, कमी फीमध्ये, हाताला काम शिकवणारे वर्ग असावेत, असे मला वाटते. २०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, याचा आनंद आहेच. पण सगळा तालुका पर्यटकाच्या वाटेकडे डोळे लावून बसला, तर आमच्या घराची गोष्ट तालुक्याची होईल.

आणि आम्ही कला शाखेचे विद्यार्थी? आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मित्रमैत्रिणी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसतात. मीही बसते. प्रयत्न जरूर करावा, परंतु जागा थोड्या आणि वर्षे भराभर जाणारी. माझ्या मते अभ्यासाच्या वर्षांतच दुसरे काही पक्के करावे. मी ब्राह्मी लिपी शिकले आणि रविवारी लेणी पाहायला येणाऱ्यांना माहिती सांगते. चार पैसे मिळतात. पण ही मिळकतही त्याच डोंगरावरची, हे मी विसरत नाही. म्हणून संध्याकाळी वडिलांजवळ बसून मोटारीची तार गुंडाळायला शिकते. "मुलीच्या जातीला हे कशाला?" असे आजोबांनी एकदा विचारले. वडील म्हणाले, "दादा, मोटारीला काय कळतंय तार कुणी भरली ते!"

मागच्या दिवाळीत आईच्या पाटल्या सुटून घरी आल्या. दुकान पूर्वीसारखे चालते, अंगारकीला तर उसंत नसते. पत्र्याची पेटी मात्र आता माळ्यावर नाही. ती दुकानात, नारळांच्या पोत्याशेजारी असते.