धरण भरलं, जागा उरली का?

भंडारदरा भरत आलं की होस्टेलवर पहिला प्रश्न, अंब्रेला फॉल सुरू झाला का? मग बाइक निघतात. मजा जरूर करावी, पण आपण इंजिनिअर होणार ना राव!

१९२६ साली पूर्ण झालेलं हे धरण मुळात सिंचनाचं. साठा सुमारे ११ टीएमसी. पूर अडवायला धरणात रिकामी जागा लागते, शेतीला आणि पर्यटकांना मात्र ते काठोकाठ हवं. भरलेल्या धरणावर रतनगडाकडचा पाऊस कोसळला, तर येईल तेवढं पाणी सोडावंच लागतं. खाली निळवंडे आहे, पण तेही भरलेलं असेल तर? पाणी प्रवरेतून सरळ कोल्हारच्या पुलाखाली.

मग आधीच थोडं सोडून ठेवा, असं म्हणणं सोपं. पुढे पावसाने दगा दिला, तर उन्हाळ्याच्या आवर्तनाचं काय? शेतकऱ्याचा हा सवाल खोटा नाही. तरीही माझ्या मते ऑगस्टमध्ये थोडी जागा राखावीच. आणि कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा, हे फाइलीत न राहता कोल्हारच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावं. सिव्हिलवाल्यांनो, तो तक्ता सोप्या भाषेत करून द्यायला आपल्याला कुणी अडवलंय?