वारशाच्या कपाटात आमचं मस्टर कुठाय?

दोस्तहो, चिमणी थंड पडली की वारसा पेटतो. कारखाना धडधडत असतो तोवर त्याला इतिहास नसतो, नुसतं प्रॉडक्शन असतं. टाळं लागलं, जमिनीचा भाव चढला, की मग कुणाला तरी संस्कृती आठवते. प्रतिष्ठान निघतं. जुन्या लेथला रंग लागतो. संस्थापकाच्या पगडीला काचेचं कपाट मिळतं आणि उद्घाटनाला सनई वाजते.

आधीच सांगून टाकतो. मी जपणुकीच्या विरोधात नाही. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्यांची नोंदच कुणी केली नाही, त्यांनी जपणुकीला विरोध करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. माझं भांडण एवढंच, की काय जपायचं आणि काय रद्दीत घालायचं हे ठरवतो कोण?

पुण्यात टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज आहे. ज्या साकचीचं १९१९ साली जमशेदपूर झालं, ते गाव वसवणाऱ्या घराण्याचे कागद तिथं नीट सांभाळलेत. विक्रोळीला गोदरेजनं २००६ साली आपलं अर्काइव्ह उभं केलं. ठीक आहे. त्यांचे कागद, त्यांची कपाटं. पण गावाचा वारसा म्हणून जेव्हा घराण्याचा वारसा आपल्यापुढं ठेवला जातो, तेव्हा विचारावंच लागतं, की बाबांनो, गाव एकट्या घराण्यानं बांधलं का?

मराठी माणसाची लाडकी कंपनी-वसाहत म्हणजे किर्लोस्करवाडी. बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणरावांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ जागा दिली. १९१० साली माळावर कारखाना उभा राहिला, लोखंडी नांगर निघाला. कुंडल रोड स्टेशनचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं. आणि या वाडीनं नांगराइतकंच जबर दुसरं यंत्र बसवलं, ते म्हणजे छापखाना. १९२० पासून 'किर्लोस्कर', १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. या मासिकांनी रूढींवर, बुवाबाजीवर कोरडे ओढले. ते नाकारणं खोटेपणा होईल. पण ध्यानात घ्या, ज्याच्या हातात नांगर आणि छापखाना दोन्ही, त्याचाच वारसा शाबूत राहतो. मालकांची चरित्रं-आत्मचरित्रं निघाली. भट्टीपुढं रस ओतणाऱ्याचं आत्मचरित्र तुम्ही वाचलंय का? तोही त्याच वाडीतला होता की!

आता मुंबईकडं बघा. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं महापालिकेनं हाती घेतलंय. साचे येतील, धोटा येईल. पण त्या धोट्याखाली पाटीवर काय लिहिणार? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, त्याला थुंकी लागायची. म्हणून आपला माणूस विणाईच्या खात्यात चालायचा नाही. तिथं पगार जास्त, म्हणून तिथं विटाळ जास्त. आपल्यासाठी कमी पगाराचं रिंग खातं. १९२८ च्या संपात ही बंदी उठवायची मागणी पुढाऱ्यांच्या यादीत नव्हती. बाबासाहेबांनी ती घालायला लावली. लाल बावट्याखालीसुद्धा थुंकी सवर्णच होती, लेकहो! हे त्या पाटीवर येणार असेल तर मी स्वतः तिकीट काढून बघायला जाईन.

'कामगार तो कामगार, त्यात जात कशाला?' असं म्हणणारे कॉम्रेड अजून भेटतात. त्यांना १९३८ ची मनमाडची परिषद सांगा. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी शत्रू दोन सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपला माणूस गँगमनचा गँगमनच का राहतो, त्याला साधा पोर्टर का होता येत नाही, हे तिथं त्यांनी उलगडून दाखवलं. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामं करावी लागत, आणि घरात आपला विटाळ!

आणि आपलं पिंपरी? १९५४ साली इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची मदत, सरकारी कारखाना, पुढच्याच वर्षी पेनिसिलीन निघू लागलं. कॉलनी झाली, शाळा झाली, मैदान झालं. उद्या कुणी औद्योगिक नगरीचा वारसा लिहायला बसला तर पहिलं पान याचंच. लिहू द्या. पण त्याच १९५४ सालच्या २५ डिसेंबरला, इथून चार पावलांवर देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. लष्करी डेपोच्या आसऱ्यानं वसलेल्या आपल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. तेही याच पट्ट्याचं, याच कामगारांचं. ते औद्योगिक वारशात बसतं, का 'धार्मिक' म्हणून वेगळ्या खणात जातं? बघा कसं वाटप होतं. त्यांची सनई म्हणजे संस्कृती आणि आमची वंदना म्हणजे 'समाजाचा कार्यक्रम'.

१९६२ ला एमआयडीसी झाली. मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि आता चाकण. ७२ च्या दुष्काळानं गावं रिकामी झाली तशी माणसं इकडं लोटली. कुणी मशीनवर गेलं, कुणी झाडूवर. कोण कुठं गेलं हे जरा शोधा, मग वारसा म्हणजे काय ते कळेल.

माझा बाप एका कंपनीच्या फाउंड्रीत अकरा वर्षं वाळू उपसत होता. कंपनीच्या मस्टरवर त्याचं नाव एक दिवसही नव्हतं. होतं ते कंत्राटदाराच्या वहीत. कंत्राटदार बदलला, वही गेली, अकरा वर्षं गेली. ग्रॅच्युइटी मागायला गेला तर म्हणाले, पुरावा आणा. घरात पुरावा एकच, गेटपास. त्यावर कंत्राटदाराचं नाव ठळक अन् बापाचं बारीक. म्हणून म्हणतो, वारशाचा कागद आणि हक्काचा कागद हे दोन कागद नाहीत. ज्याचं मस्टर हरवलं त्याची ग्रॅच्युइटीही बुडाली आणि इतिहासही बुडाला. २०१६ साली केंद्र सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जादा जमीन विकून देणी भागवायचं ठरवलं. देणी कुणाची निघतात? ज्याचं नाव वहीत असतं त्याची. वहीबाहेरच्याला ना देणं, ना आठवण.

आमचा कागद तयार होतो, नाही असं नाही. तो मेल्यावर तयार होतो. मालकाचं चरित्र, आमचा पंचनामा. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणारा कारखाना पेटला. आत राबणाऱ्या बाया होरपळून मेल्या. त्या आधी या उद्योगनगरीच्या कुठल्या वहीत होत्या? गटारात उतरणाऱ्यांचं तेच. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाला १० लाख द्यायला सांगितले, २०२३ ला ३० लाख केले. रक्कम वाढली, पण उतरणाऱ्याची जात बदलली का?

तेव्हा मित्रांनो, प्रतिष्ठानवाल्यांकडं एका कोपऱ्याची भीक मागू नका. ते देतीलही. 'आमचे कामगार बंधू' म्हणून एक ग्रुप फोटो लावतील, शेवटच्या रांगेतल्यांना नावं नसतील. आपण आपलं काम करू. मिलिंदनगर, ओटा स्कीम, देहूरोड, चाकणच्या पत्र्याच्या खोल्या, घरोघर जा. गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड, संपाची पत्रकं, सगळ्याची झेरॉक्स काढा. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरी राहू द्या, तो त्याचा हक्क आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा: खातं कुठलं, कंत्राटदार कोण, किती वर्षं, बोट कधी तुटलं, पाणी कुठल्या माठातलं प्यायचात? बायांना आधी विचारा, त्यांचं कुणीच विचारलेलं नाही. नाव पूर्ण लिहा, बापाच्या नावासकट. विहारात एक कपाट ठेवा आणि त्याची किल्ली बाईकडं द्या.

आणि कंपन्यांकडं मागायचंच तर भीक नाही, हिशेब मागा. संस्थापकाची पत्रं जपता, तशी कंत्राटदारांची मस्टरंही जपा अन् ती बघायला खुली करा. जे देणार नाहीत, त्यांच्या वारशाच्या उद्घाटनाला आपण मस्टरात नसलेल्यांची यादी घेऊन दारात उभे राहू आणि एकेक नाव मोठ्यानं वाचू.

पुढच्या अंकापर्यंत प्रत्येकानं दहा घरं करा. वह्या घेऊन या.

जय भीम!