स्पर्शाने घेतलेली साक्ष

इतिहासाच्या शिक्षकाने सूक्ष्मदर्शकावर लिहावे, हे काहींना वावगे वाटेल. परंतु पुरावा कसा मिळाला आणि तो कितपत ग्राह्य, हा प्रश्न जितका आमच्या विषयाचा, तितकाच विज्ञानाचा आहे.

१९८६ साली गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट व ख्रिस्तोफ गर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. साधा सूक्ष्मदर्शक सुमारे २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील दाखवू शकत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पुष्कळ पुढे जातो. पण त्यासाठी नमुना बहुधा वाळवून वा गोठवून निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. हे नवे उपकरण पाहत नाही, चाचपते. लवचीक पट्टीच्या टोकाची अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागावरून फिरते. पट्टी किंचित वाकली, की तिच्यावरून परावर्तित होणारा लेसर किरण सरकतो व त्यावरून चढउतारांचा नकाशा तयार होतो. हे काम पाण्यातही चालते. त्यामुळेच २०१० साली जपानच्या कानाझावा विद्यापीठात तोशिओ आंदो यांच्या गटाला मायोसिन-५ हे प्रथिन अ‍ॅक्टिनच्या तंतूवरून चालताना टिपता आले. त्याचे एक पाऊल अवघे ३६ नॅनोमीटरचे!

तथापि या साक्षीदारालाही मर्यादा आहेत. डीएनएच्या धाग्याची जाडी सुमारे २ नॅनोमीटर. चित्रात तो कित्येक पट रुंद दिसतो, कारण सुईचे टोक धाग्याहून बोथट असते. चित्रातले रंगही संगणकाने भरलेले असतात. शास्त्रज्ञ हे लपवीत नाहीत. सुईचा आकार हिशेबात घेऊनच निष्कर्ष काढतात. बखर वाचताना बखरकार कोणाच्या पदरी होता, हे आम्ही तपासतो, ते याहून निराळे नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले होते, ‘‘सर, डीएनए खरंच लाल-निळा असतो का?’’ ‘‘पुस्तकात आहे तसं काढ,’’ असे आम्ही उत्तरलो. त्या उत्तराची खंत आजही वाटते. परीक्षा ‘काय’ विचारते. ‘हे कसे कळले?’ हे विचारणे आमचे काम होते.

असे महागडे उपकरण शाळेत येणार नाही, हे खरे. पण कापडाखाली काही वस्तू ठेवून, एकदा बारीक पेन्सिलीने व एकदा जाड काठीने त्या चाचपून, आलेख-कागदावर नकाशा काढता येतो. दोन नकाशांत पडणारा फरक मुलांना पुराव्याची पारख शिकवील. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक सायंकाळ यासाठी राखून ठेवावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. पुरावा मागणे हा उद्धटपणा नव्हे. शिक्षणाचा तो पहिला धडा आहे, आणि तो आधी आम्ही शिक्षकांनीच गिरवला पाहिजे.