रस्ते कोणासाठी?

साम्राज्यांची बाजू मांडताना एक साक्षीदार हटकून पुढे केला जातो; तो म्हणजे रस्ता. ‘रोमनांनी ब्रिटनला रस्ते दिले’ असे कौतुकाने सांगणारे विद्वान आमच्यातही थोडे नाहीत. आमचा आक्षेप ‘दिले’ या क्रियापदालाच आहे.

उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या किल्ल्याचे अवशेष घ्या. इ. स. ८५ च्या सुमारास, म्हणजे हेड्रियनची भिंत उभी राहू लागण्यापूर्वी सुमारे ३७ वर्षे, तेथे पहिला लाकडी किल्ला झाला. कॉर्ब्रिज व कार्लाइल यांना जोडणारा स्टेनगेट हा मार्ग त्याच्या शेजारूनच जातो. तो गावाला गाव जोडण्यासाठी नव्हे, ठाण्याला ठाणे जोडण्यासाठी होता.

१९७३ पासून येथील ओल्या मातीतून शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या निघाल्या. त्यांची साक्ष ऐका. एकीत स्थानिकांच्या युद्धपद्धतीची नोंद करताना त्यांना तुच्छतेने ‘ब्रिटुंकुली’, म्हणजे ‘यःकश्चित ब्रिटन’, म्हटले आहे. दुसरीत छड्यांच्या माराने रक्तबंबाळ झालेला एक मनुष्य आपण समुद्रापलीकडचे व निरपराध असल्याचे सांगून दाद मागतो. परकेपणा हीच जेथे दयेची सबब, तेथे भूमिपुत्राची पत ती काय असणार? तिसरीत ऑक्टेवियस नावाचा गृहस्थ कळवितो की, रस्ते खराब असता जनावरांना इजा नको, म्हणून कॅटरिकची कातडी आणविली नाहीत. ज्यांचे पोवाडे गायिले जातात ते रस्ते असेही होते!

‘परंतु त्याच रस्त्यांनी व्यापार आला, किल्ल्याबाहेर वस्ती वाढली,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. पाटाच्या कडेला गवत उगवते. म्हणून पाट गवतासाठी खणला, असे होत नाही.

पुढे १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने याच टापूत लष्करी रस्ता बांधला, तेव्हा हेड्रियनच्या भिंतीचेच दगड त्याच्या पायात घातले. तीच दृष्टी हिंदुस्थानातही आली. १८५३ च्या टिपणात डलहौसीने लोहमार्गांच्या लाभांत सैन्याच्या जलद हालचालीला मानाचे स्थान दिले होते. तरीही आगगाडीबद्दल कृतज्ञ राहण्याचा उपदेश आम्हांस अद्याप केला जातो!

हे अवशेष अवश्य जपावेत; दगडांशी आमचे भांडण नाही. परंतु रस्ता पाहून बांधणाऱ्याचा जयजयकार करण्यापूर्वी एवढेच विचारावे: या वाटेने प्रथम कोण चालत आले, आणि त्यांच्या हातांत काय होते?